सारख्या चेहऱ्यांची अक्षरं

हॉस्पिटलच्या तळघरात कपडे धुण्याची खोली आहे. तिथे आईने पूर्वी एक वर्ष काढलं होतं. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या हिरव्या कापडांचे गठ्ठे आणि सगळ्यावर ब्लीचचा वास. त्या वर्षी तिला जो खोकला लागला, तो वार्डात बदली झाल्यावरच गेला. त्यानंतर अकरा वर्षं ती दुसऱ्या मजल्यावरच्या जनरल वार्डात आया म्हणून काम करते आहे. म्हणून त्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर चप्पल न काढताच ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मले पुन्हा खाली धाडून राह्यले," तेव्हा खाली म्हणजे कुठे हे मला विचारावं लागलं नाही.

हॉस्पिटलने नवीन यंत्रं आणली होती. हातात मावतील असे छोटे संगणक, जाड रबरी कवचाचे. वरच्या अर्ध्या भागात पडदा, खाली पाच ओळींत पंचवीस बटणं. वार्डातल्या बायांनी पेशंटजवळ उभं राहून जे काही असेल ते त्यावर लिहायचं आणि पाठवायचं, की ते नर्सच्या काउंटरवरच्या स्क्रीनवर दिसणार. ओल्या हाताने किंवा हातमोजे घालून काचेवर लिहिता येत नाही, म्हणून खरी बटणं. बोलून लिहायची सोय होती, पण शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक सगळं ऐकतात म्हणून ती बंद ठेवली होती. दहा तयार निरोपही भरलेले होते. पण वार्डाच्या इन्चार्ज दीदींचं म्हणणं असं की पेशंट काही दहाच प्रकारांनी आजारी पडत नाहीत.

बटणांवर इंग्रजी अक्षरं होती. पाणी लिहायचं तर आधी पी, मग ए, आणि यंत्र त्यातून देवनागरी करणार. बारावी झालेल्या नवीन मुलींना ते पहिल्याच दिवशी जमलं. आईसारख्या जुन्या बायांना दोन महिने दिले होते. जमलं तर वार्ड, नाही तर धुलाई.

आई तिसरीपर्यंत शाळेत गेली. अकोला जिल्ह्यातल्या तिच्या गावात चौथीचा वर्ग दुसऱ्या वस्तीत भरायचा, तेवढं कारण पुरलं. बाबा दहावी झाले आणि रेल्वेत लागले, त्यांच्याच बदलीने आम्ही जयपूरला आलो. कॉलेजात जाणारी आमच्या दोन्हीकडच्या घरांत मी पहिली. कम्प्युटर शाखेचं तिसरं वर्ष चालू होतं आणि त्या सहामाहीत प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्यांची नावं लिहून झाली होती. कुणाचा ट्रॅफिकचा अंदाज सांगणारा प्रोग्राम, कुणाचा चेहरे ओळखणारा कॅमेरा. माझी जागा रिकामी होती.

आमचे गाइड सर पुण्याचे. वर्गात मी मराठी आहे हे त्यांना हजेरीपटावरून कळलं होतं आणि ते माझ्याशी मराठीतच बोलायचे. मी दोन वर्षं त्यांना हिंदीत उत्तर देत आले होते.

"तुझं काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"सर, कीबोर्ड."

"कसला कीबोर्ड?"

मी यंत्राचं सांगितलं. पंचवीस बटणांत हिंदी, इंग्रजी आणि मराठी बसवायची. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला लिहिता आलं पाहिजे. आईचं मात्र सांगितलं नाही. 'कुछ औरतें' एवढंच मी म्हटलं.

"विषय लहान दिसतो, पण सोपा नाही," सर म्हणाले. त्यांनी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना पत्र दिलं. पंधरा दिवसांनी सही घेऊन एक यंत्र मला मिळालं, आणि प्रोजेक्ट चालला तर मांडणी वार्डातल्या सगळ्या यंत्रांत भरू असं तोंडी आश्वासनही. दोन महिन्यांतले पंधरा दिवस त्यात गेले होते.

पहिली मांडणी मी तीन दिवसांत केली. मला ती इतकी सुंदर वाटली की मी तिचा फोटो फोनच्या पडद्यावर लावला. वर्णमाला जशी आहे तशीच. एका बटणावर क ख ग घ, शेजारी च छ ज झ, मग ट, त, प यांची कुटुंबं. एकदा बटण दाबलं की त्यातली अक्षरं पडद्यावर मोठी दिसायची आणि सगळ्यांत खालच्या ओळीतलं एक बटण दाबून हवं ते निवडायचं. मात्रा उजवीकडे. कडेचं एक बटण दाबून धरलं की तीच बटणं इंग्रजीची, ए बी सी डी याच क्रमाने. शाळेत पहिल्याच वर्षी पाठ होतो तो क्रम, म्हणजे तो कुणालाही येणारच, असं मी धरून चालले. मी सहा वर्षांची असताना हिंदी शाळेत तो ओरडून पाठ केला होता. कुणाला तो येत नसेल असं माझ्या मनातही आलं नाही.

रोज संध्याकाळी आई चहा घेऊन बसली की मी यंत्र तिच्या हातात द्यायचे. सहा वाक्यं ठरवली होती. 'बेड चार का सलाइन खत्म', 'मरीज को उल्टी हुई', 'चादर बदलनी है', अशी. पहिल्या दिवशी एका वाक्याला चार मिनिटं लागली. आठवड्याने दोन. तीन आठवड्यांनी मिनिटाच्या आत. मी वहीत तारखा टाकून आलेख काढला, रेघ पायऱ्या उतरावी तशी खाली येत होती. सरांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला.

"उत्तम. आता खऱ्या वार्डात बघू."

हॉस्पिटल टिळक नगरात आहे. आम्ही दुपारी गेलो, भेटायला येणाऱ्यांची वेळ नव्हती. सर, मी आणि इन्चार्ज दीदी दाराजवळ उभे, आई दोन खाटांच्या मध्ये यंत्र घेऊन. तिने केस पुन्हा बांधले होते. दीदी चांगल्या आहेत पण घाईत असतात. मी त्यांच्यापुढे सहा वाक्यांचा कागद धरला तर त्यांनी तो पाहिलाही नाही.

"अरे, ये सब छोड़ो," त्या म्हणाल्या. "लिखो, खिड़की वाले बाबा चश्मा मांग रहे हैं।"

आईने यंत्राकडे पाहिलं. अंगठा एका बटणावर गेला, परत आला. दुसऱ्यावर गेला. खिडकीजवळचे बाबा स्वतःच उठून बसले आणि आता काय होतंय ते बघू लागले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, त्या दिवशी मी घड्याळ लावलंच नव्हतं. मग आईचा अंगठा एकदम भराभर चालायला लागला आणि मला हायसं वाटलं. तिने पाठवायचं बटण दाबलं. काउंटरवरच्या नर्सने स्क्रीन वाचली, सलाइनची नवीन बाटली उचलली आणि चार नंबरच्या खाटेकडे निघाली. चार नंबरची खाट सकाळपासून रिकामी होती.

नर्स बाटली घेऊन तिथे उभी राहिली. दीदींना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. बाबा म्हणाले, "मेरा चश्मा तो यहीं है, बेटी," आणि उशीखालून काढून दाखवलं.

"महीने के आखिर तक देख लेते हैं," दीदी मला म्हणाल्या. आईला काही म्हणाल्या नाहीत. बाहेर आल्यावर सर फक्त एवढंच म्हणाले की वही घेऊन ये.

घरी आल्यावर मी आईशी बोलले ते नको तसं.

"आई, तू सांगतलं कावून नाही मले?"

"काय सांगू?"

"का तुले येत नाही म्हणून."

"येत कसं नाही? तू म्हने हे सहा लिहून दाखव. मी दाखवले."

"मतलब तू अक्षरं पाहतच नव्हती?"

"पाहाची कायले? पाठ झालं म्हंजे पाहा लागत नाही. तिसऱ्या ओळीतलं दुसरं, मंग खालचं पहिलं, मंग वरच्या कोपऱ्यातलं…" तिने हवेतच अंगठा चालवून 'चादर बदलनी है' पुरं केलं.

माझे बाबा जेवत होते. ते म्हणाले, "कॉलेजवालीच्या नाकाखाली कॉपी झाली अन् तिले आलेख निंगला."

मला राग आला होता. तिने मला फसवलं असं वाटत होतं. पण भांडी घासताना ती स्वतःहून बोलायला लागली, आणि ऐकता ऐकता माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. ती म्हणाली की ती वाचायला शाळेत शिकलीच नाही, इथे शिकली. जयपूरला आल्यावर रेल्वेतली आमची सात-आठ घरं दर रविवारी विहारात वंदनेला जमायची. वंदना तिला लहानपणापासून तोंडपाठ होती. कुणीतरी वंदनेचं पुस्तक हातात दिलं. ती तोंडाने म्हणायची आणि बोट ओळीवरून पुढे सरकवायची. असं दोन वर्षं केल्यावर एके रविवारी तिला कळलं की अमुक आवाजाला अमुक आकार येतो. मग बसवरच्या पाट्या, मग औषधांच्या खोक्यावरचं हिंदी.

"पाठ करनं म्हंजेच शिकनं ना व?" ती म्हणाली. "मले वाटलं तू बी तसंच शिकवून राह्यली."

चूक तिची नव्हती. सहा वाक्यं मी ठरवली होती, सहाच्या बाहेर मी गेले नव्हते, आणि वेळ कमी झाला म्हणजे तिला मांडणी समजली असं मी ठरवून टाकलं होतं. तिला मी एक गोष्ट कधीच विचारली नव्हती: अक्षर शोधताना तू काय शोधतेस?

दुसऱ्या दिवशी विचारलं. पंचवीस बटणांपुढे तिला बसवलं आणि म्हटलं, "ब शोध."

"आधी व पाहते मी," ती म्हणाली. "व सापडला का मंग त्याच्या पोटात काडी कोनाच्या आहे ते पाहते. पन तुह्या इथी व एका टोकाले अन् ब दुसऱ्या टोकाले. एका घरातले दोघं असे दूर कोन ठेवले?"

वर्णमालेत ब असतो प फ यांच्या जवळ आणि व असतो पार य र ल यांच्या ओळीत. तोंडात ते जिथून निघतात त्याप्रमाणे ते बसवले आहेत हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. ती मान हलवणं मला ओळखीचं आहे, डॉक्टर काही समजावून सांगतात तेव्हा पेशंट हलवतात तसं.

मी जुन्या कॅलेंडरचे चौकोन कापले, प्रत्येकावर एक अक्षर लिहिलं आणि फरशीवर पसरले. म्हटलं, तुला वाटतं तसे गट कर. तिने विचार फारसा केला नाही. व, ब, क एकत्र. प, ष, फ एकत्र. र, स, ख. घ, ध, छ. ट, ठ, ढ, द. ग, म, भ. त, न, ल. ळ तिने थोडा वेळ हातात धरला आणि ठ जवळ ठेवला, दोन्ही गोल म्हणून. दहा मिनिटांत फरशीवर एक नवी वर्णमाला तयार झाली, आणि ती मला कुठल्याही पुस्तकात भेटली नव्हती.

पण एकट्या आईवरून मी एकदा फसले होते. म्हणून ते चौकोन पाकिटात घालून दुपारच्या जेवणाच्या सुटीत हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर गेले. आईच्या वार्डात जयपूरजवळच्या कानोत्याहून बसने येणारी एक मौसी आहे. तिलाही धुलाईत पाठवणार होते, तीही आईसारखी मोठेपणीच, रात्रीच्या प्रौढ वर्गात, अक्षरं शिकलेली. डबा बाजूला सरकवून तिने ओढणीचा पदर पायरीवर पसरला आणि त्यावर चौकोन मांडायला लागली.

"छोरी, यो तो टाबरां को खेल छै," ती म्हणाली. हा तर लेकरांचा खेळ आहे.

"मौसी, पढ़कर रखो।"

"म्हूं पढ़ूं कोनी, पिछाणूं छूं।"

वाचत नाही, ओळखते. ते मी तिथेच हातावर पेनाने लिहून घेतलं. तिचे गट जवळजवळ आईचेच होते. फरक एकच. आईने न ठेवला होता त च्या घरात, मौसीने म च्या. दोघी त्यावरून वाद घालायला लागल्या, एक वऱ्हाडीतून, दुसरी तिकडच्या ढूंढाडी बोलीतून, आणि अकरा वर्षांची सवय असल्यामुळे दोघींना सगळं समजत होतं. मौसीने ळ मात्र हातात घेऊन दोनदा पाहिला. "म्हारै बोलबा में तो यो घणो आवै," ती म्हणाली, "पण इस्कूल वाळा लिखबो सिखायो ही कोनी." तिच्या बोलण्यात तो होता, तिला शिकवलेल्या हिंदीत नव्हता.

मी सरांकडे गेले तेव्हा हातात ते पाकीट आणि नव्या मांडणीचा कागद होता. महिना संपायला अठरा दिवस. सरांनी कागद बराच वेळ पाहिला.

"हे काय? क, व आणि ब एका बटणावर?"

"जी सर।"

"आपल्या वर्णमालेइतकी शास्त्रशुद्ध मांडणी जगात फार थोड्या लिपींना मिळाली आहे. ती मोडून तू दिसण्यावरून गट करतेस. आणि न दोन बटणांवर? ळ तर हिंदीला लागतही नाही, ती जागा वाचव."

त्यांचं बोलणं चूक नव्हतं. मला नेहमीसारखं 'जी सर' म्हणून बाहेर पडता आलं असतं. पाय तयारही झाले होते. पण धुलाईची खोली डोळ्यांपुढून जाईना आणि हिंदीतला शब्द काही सापडेना.

"सर, वर्णमाला मले येते," मी म्हणाले. "तिले नाही येत. माझ्या आईले. त्या वार्डातली बाई माझी आई हाय. ती अक्षर ऐकून नाही शोधत, पाहून शोधते. जे शाळेत वाचायला नाही शिकले ते सगळेच तसे शोधतात असं मी म्हणत नाही, मी दोघींनाच विचारलं. पण ज्यांच्यासाठी करायचं त्या दोघीच आहेत. अन् न दोघींले दोन ठिकाणी दिसतो, तर असू द्या दोन ठिकाणी. सापडला म्हणजे झालं."

सरांनी कागद टेबलावर ठेवला.

"हे मराठी कुठलं?" सरांनी विचारलं.

"अकोल्याकडचं."

"मग दोन वर्षं माझ्याशी हिंदीत का बोलत होतीस?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कागद परत देत म्हणाले, "बाहेरचे परीक्षक येतील तेव्हा ते हेच प्रश्न विचारतील, माझ्याइतक्या शांतपणे नाही. मांडणी त्यांना पटली नाही तर मार्क कमी होतील. पहिली मांडणी दिलीस तर मार्क नक्की आहेत. विचार करून सांग."

"हीच देईन, सर."

"विचार केलास?"

"केला."

तो मी तिथे उभ्या उभ्या केला होता, पण केला होता.

पुढचे दिवस सरळ कामाचे होते. बटणांखालचा प्रोग्राम बदलायला वेळ लागला नाही. मला वेळ लागला तो इंग्रजीला. औषधांची नावं गोळ्यांच्या पट्टीवर इंग्रजीत असतात आणि ती जशीच्या तशी लिहावी लागतात. आईला इंग्रजी अक्षरांचे आवाज माहीत नव्हते, पण पट्टी हातात धरून अक्षर आणि अक्षर ताडून पाहणं तिला येत होतं. तेव्हा त्यांचेही चौकोन केले. ओ, सी, जी, क्यू एका घरात. पी, आर, बी, डी दुसऱ्या. एम, एन, व्ही, डब्ल्यू तिसऱ्या. आता प्रत्येक बटणावर वर देवनागरीचं एक घर आणि खाली इंग्रजीचं. ए बी सी डी कुणाला पाठ नसेल तरी चालणार होतं. कागदाचे छोटे स्टिकर कापून मी बटणांवर लावले. आईच्या ओल्या हाताने ते दोनदा निघाले, मग वरून पारदर्शक टेप.

या वेळी नियम एकच ठेवला. एकदा लिहिलेलं वाक्य पुन्हा द्यायचं नाही. वाक्यं मी ठरवायची नाहीत, ती बाबांनी द्यायची. बाबांना हे काम फार आवडलं.

"लिही, आज भाजीत मीठ कमी हाय."

आई मान खाली घालून लिहायची. बाबा पानावर बसून वाट पाहायचे. पहिल्या दिवशी त्या एका वाक्याला वरण थंड होण्याइतका वेळ लागला. वाक्य पुरं झालं होतं, तरी तिने यंत्र खाली ठेवलं नाही. आणखी बटणं दाबत राहिली आणि मग पडदा बाबांकडे फिरवला. खाली लिहिलं होतं, 'हाताने घेऊन घ्या'. ते वाक्य कुणीच दिलेलं नव्हतं. मी वहीत वेळ लिहायला विसरले.

आलेखाची रेघ या वेळी पायऱ्यांसारखी उतरली नाही. एक दिवस खाली, दोन दिवस तिथेच, एक दिवस परत वर. पहिल्या मांडणीत शेवटी तिला मिनिटापेक्षा कमी लागायचं, नव्या मांडणीत कधीच तेवढं कमी झालं नाही. पण नवीन वाक्य आणि जुनं वाक्य यांना सारखाच वेळ लागत होता. मी तो वेडावाकडा आलेख सरांना दाखवला. ते म्हणाले, "हा खरा दिसतो."

यंत्र माझ्या सहीवर होतं, म्हणून मौसी ते घरी नेऊ शकत नव्हती. ती रोज एक बस आधीची पकडून यायची आणि ड्युटीच्या आधी अर्धा तास पायऱ्यांवर बसायची. तिला मी वाक्यं द्यायचे. ती बहुतेक वेळा दिलेलं सोडून सासूबद्दलच लिहायची.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा वार्डात उभे होतो. इन्चार्ज दीदींनी या वेळी वाक्य दिलंच नाही. "जाओ, बाबा से पूछो क्या तकलीफ है, और लिख दो," त्या म्हणाल्या आणि स्वतः कपाटातल्या औषधांची मोजणी करायला लागल्या. खिडकीजवळच्या खाटेवर आता दुसरे बाबा होते, पोटाचं ऑपरेशन झालेले, कुठल्याशा खेड्यातले. बोलायला लागले की थांबत नव्हते. आई वाकून ऐकत होती. त्यांनी नातवाचं सांगितलं, शेजारच्या खाटेवरचा घोरतो हे सांगितलं, आणि मध्येच, सकाळची नवीन कॅप्सूल घेतल्यापासून अंगाला खाज सुटली आहे आणि ओठ जड वाटतात, हे सांगितलं.

आई सरळ उभी राहिली. तिने त्यांचा ओठ पाहिला, बाही वर करून दंड पाहिला. मग यंत्र हातात घेतलं.

मी मोजत नव्हते असं म्हणणार होते, पण मोजत होते. मनात आकडे चालू होते आणि ते फार पुढे गेले. आईचा अंगठा एका बटणावर जायचा, पडद्यावर घर उघडायचं, ती डोळे बारीक करून पाहायची, निवडायची. एक अक्षर चुकलं, खोडलं. मग तिने स्टुलावरची कॅप्सूलची पट्टी उचलली, कडेचं बटण दाबून धरलं आणि पट्टीवरचं एकेक इंग्रजी अक्षर बोटाने दाबून ठेवत दुसऱ्या हाताने शोधायला लागली. दोन बोटं तिला कमी पडत होती. यंत्र तिने पोटाशी टेकवलं. सरांनी एकदा पुढे पाऊल टाकलं, मग मागे घेतलं. बाबा अजून नातवाबद्दल बोलत होते.

दीदींनी मोजणी संपवून कपाट बंद केलं. "हो गया?" त्यांनी विचारलं.

"थोडा रुको, मैडमजी," आई म्हणाली. वार्डात तिने कुणाला थांबायला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तिने पाठवायचं बटण दाबलं.

काउंटरवरची नर्स स्क्रीनकडे वळली. वाचताना तिचे ओठ हलले, शेवटी औषधाचं नाव तिने मोठ्याने वाचलं. आणि ती कुणाकडे न पाहता उठली, बीपीचं यंत्र आणि एक ट्रे घेतला आणि जवळजवळ पळतच खिडकीच्या खाटेकडे गेली. तिच्यामागे दीदी. कुणीतरी डॉक्टरांना फोन लावला. आई खाटेच्या दुसऱ्या बाजूने बाबांना आधार देऊन बसवत होती, यंत्र तिने खिशात टाकलं होतं. प्रयोग कधी संपला आणि काम कधी सुरू झालं, ते कुणीच सांगितलं नाही. सर आणि मी दाराजवळ उभे राहिलो, आणि मग वाटेत येतोय असं वाटून बाहेर पॅसेजमध्ये गेलो.

अर्ध्या तासाने दीदी बाहेर आल्या. बाबांना इंजेक्शन दिलं होतं, ते बरे होते.

"टाइम बहुत लेती है," त्या मला म्हणाल्या.

"जी, दीदी।"

"पर लिखा सही है।" त्यांनी हातातलं रजिस्टर उघडलं, ते पुढच्या महिन्याच्या ड्युटीचं होतं. दुसऱ्या मजल्याच्या रकान्यात त्यांनी आईचं नाव लिहिलं आणि खाली मौसीचं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. "उसका सोमवार को देखेंगे."

आईकडून यंत्र घेऊन मौसीला ते सांगायला मी मागच्या पायऱ्यांवर गेले. तिने डबा बंद केला, पदर पसरला आणि यंत्रासाठी हात पुढे केला. सोमवारपर्यंत आमच्याकडे एकच ड्युटीचा दिवस उरला होता, म्हणून रविवारी सकाळी मी यंत्र घेऊन कानोत्याची बस पकडायची असं ठरलं.